धाकटी डुप्लिकेट निघाली

देव घरात आणणं फार सोपं. बाहेर काढून दाखवा. लग्न झालं की मुलगी जाते, कोर्टकचेऱ्या झाल्या की भाडेकरूसुद्धा जातो, पण एकदा घरात उभ्या राहिलेल्या महालक्ष्म्या जात नाहीत. निदान आमच्या घरातून जाईनात. भाद्रपदात तीन दिवस त्या दिवाणखान्यात शालू नेसून उभ्या असत, आणि उरलेलं वर्ष माळ्यावर पत्र्याच्या पेटीत, वडिलांच्या जुन्या धोतरात, तोंडाला तोंड लावून झोपलेल्या.

ज्यांच्याकडे हा प्रकार नाही त्यांच्यासाठी सांगतो. ह्या दोघी सख्ख्या बहिणी, थोरली आणि धाकटी. वर्षातून एकदा माहेरी येतात. पहिल्या दिवशी येतात, दुसऱ्या दिवशी जेवतात, तिसऱ्या दिवशी जातात, म्हणजे कुठल्याही शहाण्या पाहुण्यासारख्या. पितळेचे मुखवटे, खाली पत्र्याच्या कोठ्या, कोठ्यांत धान्य, वर साड्या आणि घरातल्या बायकांचे सगळे दागिने. आमच्या दोघी नागपूरच्या. राजधानी भोपाळला आली तेव्हा माझ्या वडिलांचं खातं इकडे आलं, खात्यामागे वडील आले, वडिलांच्या मागे आई, आणि आईच्या मांडीवर ही पेटी. इटारसीला गाडी बदलताना हमालाच्या हातून पेटी पडली आणि धाकटीच्या हनुवटीला पोचा पडला. बाकी दोघी एकाच साच्यातल्या. पोचा असेल ती धाकटी, नसेल ती थोरली. लहानपणी मला वाटायचं, सगळ्याच धाकट्यांना असा पोचा असतो. मी स्वतः धाकटाच असल्यामुळे आरशात बराच वेळ शोधलाही होता.

ह्या बाबतीत नियम कडक. एकदा सुरू केलं की खंड पडता कामा नये. थोरल्या सुनेनं करायचं, मग तिच्या थोरल्या सुनेनं. आमचा थोरला भाऊ अविवाहित गेला, तेव्हा ही गादी माझ्या बायकोकडे आली. माझी बायको ग्वाल्हेरची. त्यांच्याकडे खड्यांच्या गौरी. पाणवठ्यावरून मुकाट्यानं खडे आणायचे, पूजा करायची, परत पाण्यात सोडायचे.

"आमच्या देवी खिशात मावतात," ती म्हणायची. "तुमच्यांना शामियाना लागतो."

"तुमच्याकडे खडेच," आई म्हणायची. "स्वयंपाकातसुद्धा."

तरीही बायकोनं वर्षानुवर्षं केलं. ती साकेत नगरातल्या मोठ्या इस्पितळात रक्त तपासते. सोळा भाज्या, पुरण, आंबील, घरभर रांगोळीची पावलं, आणि मग धावत ड्युटीवर. शेवटी एक वर्ष ती आईसमोर बसली आणि शांतपणे म्हणाली, "आई, महालक्ष्म्या आणि डेंग्यू एकाच महिन्यात येतात. मला दोघांचं नाही जमत आता."

आई ऐंशीच्या पुढची. तिचे गुडघे कधीच राजीनामा देऊन बसले होते. मला वाटलं, आता महायुद्ध. मी तर खुर्ची सरकवून प्रेक्षकांत बसलो होतो. पण आई एवढंच म्हणाली, "मग मी असेपर्यंत त्यांची सोय लावते. माझ्यामागे तुम्ही त्यांना मोडीत घालाल."

मग नातेवाइकांना फोन. पुण्याच्या पुतण्याकडे माळाच नव्हता. नागपूरच्या मामेभावाकडे आधीच एक जोडी होती, आणि एका घरात दोन जोड्या नांदत नाहीत म्हणे. औरंगाबादच्या भाचीनं फार उत्साहानं विचारलं, "मावशी, एकच दिलीस तर चालेल का? टीव्हीच्या बाजूला छान दिसेल." आईनं फोन ठेवला. तिच्या संपूर्ण आयुष्यात कुणाचं बोलणं पुरतं न ऐकता तिनं फोन ठेवल्याचं मला दुसरं उदाहरण आठवत नाही.

त्याच सुमारास शहराच्या इतिहासाचं एक छोटं संग्रहालय रायसेन रोडकडे, आनंद नगरच्या अलीकडे, एका रिकाम्या सरकारी इमारतीत उघडायचं ठरलं. तिथल्या अधिकारी बाई आमच्या मराठी मंडळात आल्या. हातमागाची साडी, गोड आवाज, आणि प्रत्येक प्रश्नाला एकच उत्तर, "बिल्कुल." म्हणाल्या, नवाबांच्या वस्तू तर सगळेच दाखवतात, आम्हाला ह्या शहरात येऊन राहिलेल्या साध्या घरांच्या वस्तू हव्यात. भोपाळच्या मराठी माणसाला माळा साफ करायची अशी संधी पुन्हा येणार नव्हती. लोकांनी स्टोव्ह दिले, रॉकेलचे पंप दिले, सूर गेलेली पेटी दिली, एकानं तर आपल्या वडिलांची कवळी आणली होती. ती बाईंनी फार आदरानं नाकारली.

आई मात्र तीन वेळा रिक्षा करून इमारत बघून आली. झाडलोट होते का, छत गळतं का, पहारेकरी पितो का, सगळं पाहिलं. मग बाईंसमोर बसून, तिच्या त्या खास हिंदीत, जिच्यात क्रियापदं नागपूरहून आणि बाकी सगळं देवाकडून आलेलं असे, तिनं अट घातली.

"देखो बाई. पूजा मत करो तो चलेगा. नैवेद्य मत दिखाओ तो चलेगा. पर ये दोनो बहिणी हैं. इनको अलग नहीं करना. कभी भी."

"बिल्कुल, माताजी."

"शेजारी शेजारी. बाजू बाजू में."

"बिल्कुल, माताजी."

"आता तिसऱ्यांदा म्हणाल्या की पक्कं," मी आईच्या कानात म्हणालो. तिनं माझ्या मांडीवर चापट मारली.

पेटी गेली त्या दिवशी आईनं दोघींची ओटी भरली. रडली माझी बायको. इतकी, की आई तिला म्हणाली, "अगं, तुझ्याच गळ्यातलं ओझं उतरलं ना?" तर ती आणखी रडायला लागली. बायकांच्या बाबतीत मी अंदाज बांधायचे सोडून दिले ते तेव्हापासून.

आणि सुरुवातीला सगळं इतकं छान झालं, की मला आजही ते आठवून राग येतो. उद्घाटनाला एक पुढारी आले. काचेमागे, छान पिवळ्या उजेडात, दोघी उभ्या. आई पहिल्या रांगेत, अंगावर शाल. पुढाऱ्यांनी तिच्या पायांना हात लावला आणि फोटोग्राफरला नीट न दिसल्यामुळे परत एकदा लावला. आई महिनाभर शाहपुऱ्यातल्या आमच्या गल्लीत राजमातेसारखी वावरली.

मग ती दर महिन्याला तिथे जाऊ लागली. मी न्यायचो. पानदानं, हुक्के, जरीचे बटवे, फिरवायचा टेलिफोन हे सगळं ओलांडून ती थेट त्या काचेशी जायची आणि कुणी ऐकत नाहीसं बघून बोलायची. सुनेच्या चहाड्या, माझ्या चहाड्या, शेजारणीच्या नातीचं लग्न. मी मुद्दाम लांब उभा राहून बाकीच्या लोकांना भलताच इतिहास सांगायचो. एका शाळेच्या सहलीला मी तिथला हुक्का स्वतः ओढल्याचं सांगितलं होतं, आणि त्यांच्या शाळेच्या बाईंनी टाळ्या वाजवल्या होत्या. मी नाटकवेडा माणूस. मंडळाच्या गणपतीत मी राजापासून राक्षसापर्यंत सगळं केलंय, आणि प्रेक्षक दिसला की मला आवरत नाही.

एका खेपेला आम्ही गेलो तर काचेमागे एकटी थोरली.

तिला मधोमध आणून ठेवली होती. उजेड तिच्यावरच. आईनं आधी मागे वळून बघितलं, जणू धाकटी जरा पाणी प्यायला गेली असेल.

"पॉलिश को गई होगी, अम्मा," पहारेकरी म्हणाला. त्याला काही माहीत नव्हतं, पण माणूस दयाळू होता.

मी आईला बाकावर बसवून बाईंच्या खोलीत गेलो. बाई हसून उठल्या. "अरे सर! आइए, चाय."

"मॅडम, एक देवी कमी आहे."

"हाँ सर, वो एक्सचेंज में गई." त्यांनी महाराष्ट्रातल्या एका जिल्ह्याच्या गावातल्या संग्रहालयाचं नाव सांगितलं. "हमारी कमेटी ने सब डुप्लिकेट पीस छाँटे थे. आप की दोनों सेम हैं ना? एक डैमेज भी थी. तो अच्छी वाली हमने रखी."

"बदल्यात काय आलं?"

"सरौते," त्या आनंदानं म्हणाल्या. "बहुत सुंदर सरौते." अडकित्ते. मी येताना पाहिले होते, पानदानांच्या शेजारी. खरंच सुंदर होते. एकाला मोराचं तोंड होतं.

"मॅडम, तुम्हाला बहीण आहे?"

"है ना. क्यों?"

"तुमच्यासारखी दिसते?"

"सब यही कहते हैं."

"मग दोघींतली एक अडकित्त्यांच्या बदल्यात देऊन टाकली तर तुमच्या आईला चालेल?"

त्या मनापासून हसल्या. टेबलावर हात आपटून हसल्या. "सर, आप भी ना!" चहा आला, बिस्किटं आली. त्यांना खरंच वाईट वाटत होतं, हे मी शपथेवर सांगतो. पण कमिटीनं ठरवलं होतं, वस्तू गेली होती, तिकडच्या दप्तरात चढली होती, आता ती ना आमची ना त्यांची. अटीचं काय, असं विचारल्यावर त्या म्हणाल्या, "वो तो भावना की बात थी, सर."

मी नंतर पुष्कळ खेपा घातल्या. वरच्या साहेबांकडे गेलो, त्यांच्या वरच्यांकडे गेलो, उद्घाटनाच्या पुढाऱ्यांच्या बंगल्यावर जाऊन त्यांच्या सेक्रेटरीला धाकटीचा विरह इतका रंगवून सांगितला की त्यानं बायकोला फोन करून "ज़रा सुनो ये" म्हणून मला परत सांगायला लावलं. एका ऑफिसात मी चिडण्याचा प्रयोग केला. आवाज चढवला, टेबलावर मूठ मारली, तर मागून कुणीतरी म्हणालं, "वाह भाई!" मी आयुष्यभर लोकांना हसवून कामं काढली. बँकेतली, नगरपालिकेतली, सासुरवाडीतली. इथे सगळे हसले. काम तेवढं झालं नाही.

आई ह्या सगळ्यात एकच विचारायची. "भाद्रपदाआधी येईल?"

"येईल," मी म्हणायचो.

"माहेरी येतात त्या. एकटी कशी येईल? थोरली विचारेल ना तिला, तू कुठे होतीस म्हणून."

मी कधी फारसा देव मानला नाही. पण आईचं ते बोलणं ऐकलं की मला त्या काचेमागे एकट्या उभ्या असलेल्या पितळेच्या बाईचं तोंड आठवायचं, आणि ते ओढल्यासारखं दिसायचं. बायको म्हणायची, "उजेडामुळे दिसतं तसं." आणि मग तीच म्हणायची, "आपणच ठेवून घ्यायला हव्या होत्या हो." डेंग्यूचा विषय आता कुणी काढत नसे.

शेवटी बाईंचा फोन आला. "सर, खुशखबरी. माताजी को लेकर आइए."

आम्ही गेलो. काचेमागे दोघी उभ्या होत्या. आईनं माझा हात सोडला आणि चालता येत नसतानाही ती चालत पुढे गेली. मी खिशातून रुमाल काढून ठेवला होता, माझ्यासाठीच.

आई काचेजवळ गेली आणि थांबली. बराच वेळ बघत राहिली. मग विचारलं, "ये कौन है?"

"माताजी, दूसरी वाली!" बाई म्हणाल्या. "फायबर की कॉपी बनवाई है. इसी का साँचा लेकर. पॉलिश देखिए, कोई पहचान नहीं सकता."

"हमारी की ठोडी दबी हुई थी."

"इसमें वो डैमेज भी नहीं है, माताजी. बिल्कुल परफेक्ट."

अस्सल धाकटी डुप्लिकेट ठरून गेली होती, आणि तिच्या जागी खरोखरची डुप्लिकेट करून आणली होती. मला हसू यायला हवं होतं. एरवी हे असलं काही मला सापडलं असतं तर मी ते वर्षभर लग्नकार्यांत सांगितलं असतं. मी बाईंकडे बघितलं. त्या कौतुकाची वाट बघत होत्या.

आई बाकावर बसली. पदर सारखा केला. मग म्हणाली, "बाई, तुम्हारा कारागीर अच्छा है. उसको बोलो, एक और बनाओ."

"एक और?"

"हाँ. थोरली की भी. दोनो कॉपी इधर रखो. मेरी थोरली को उधर भेज दो, उसके पास."

"आई," मी म्हणालो, "मग तुला एकही दिसणार नाही."

"मला दिसून काय करायचंय? मी बघायला आणि त्या उभ्या राहायला, असं होतं का ते?" ती माझ्यावर खेकसली. "त्यांचं तरी बघ."

बाईंनी कमिटीला विचारलं. कमिटीला फारच पसंत पडलं. फायबरला ना पॉलिश लागतं, ना चोरीची भीती. थोरली लाकडी खोक्यात, स्पंजात बसवून गेली. आईला खोक्याला हात लावू दिला. तिनं झाकणावर तोंड टेकून काहीतरी सांगितलं. मी विचारलं नाही, पण ती आपण होऊन म्हणाली, "धाकटीला रागावू नकोस, म्हटलं. तिची चूक नव्हती."

घरी आल्यावर आईनं कितीतरी दिवसांनी स्वतः कढी केली. मला आणि बायकोला वाटलं, संपलं एकदाचं. दुःख असं नीट घडी घालून ठेवता येतं, असं वाटण्याइतके आम्ही मूर्ख होतो.

श्रावण संपत आला तेव्हा आईनं मला पिटाळलं. "जाऊन बघून ये. दोन खण घेऊन जा. ओटी भरू देतील तर भर, नाही तर तिथेच कुणा सवाष्णीला दे."

मी गेलो. ते संग्रहालय आमच्यापेक्षा मोठं, जुनं, थंडगार. पहिल्याच दालनात काचेमागे थोरली. एकटी. मी सगळी दालनं फिरलो. मग ऑफिसात गेलो. तिथे एक सज्जन गृहस्थ डबा खात होते.

"भोपाळहून आलात? या, या, बसा. तुमचे फार आभार मानायचेत."

"कशाबद्दल?"

"आमच्याकडे एक मुखवटा होता, पण चेपलेला. दुसरा चांगला नव्हता म्हणून तोच मांडावा लागत होता. तुमच्याकडून तो दुसरा आला, अगदी सुस्थितीतला. लगेच बदलला."

"आणि चेपलेला?"

"तो खाली, तळघरात. दोन सारखे कशाला मांडायचे? जागा कुठाय?" त्यांनी लोणच्याची फोड चोखली. "कुणी मागितला तर देऊन टाकू. डुप्लिकेट आहे."

मी त्यांना सगळं सांगितलं. बहिणी, माहेर, इटारसीचा हमाल, आई. ह्या वेळी हात हलवले नाहीत, आवाज बदलला नाही. तरी ते तल्लीन होऊन ऐकत राहिले, आणि शेवटी म्हणाले, "वा. तुम्ही हे लिहून काढा." मी म्हटलं, दोघींना शेजारी ठेवा. ते म्हणाले, वर्षाच्या शेवटी मांडणी बदलते तेव्हा विषय काढून बघतो. मी म्हटलं, निदान मला खाली नेऊन दाखवा. त्यांनी नेलं. लोखंडी रॅकवर, मापं आणि तराजूंच्या मधे, धाकटी उताणी ठेवली होती. हनुवटीला दोऱ्यानं चिठ्ठी. मी तिच्याजवळ एक खण ठेवला, तर ते गृहस्थ फार अवघडून म्हणाले, "साहेब, कापड नको. वाळवी लागते."

दोन्ही खण मी तिकीट फाडणाऱ्या बाईंना दिले.

घरी परत येताना गाडीत मी आईला काय सांगायचं ते बसवत होतो. काचेचं दालन बसवलं, पिवळा उजेड बसवला, दोघींच्या साड्यांचे रंगसुद्धा ठरवले. मला असलं बसवायला वेळ लागत नाही. दारातच आई बसली होती.

"भेटल्या?"

"भेटल्या."

"दोघी?"

"दोघी. एकाच घरात आहेत."

आईनं माझ्याकडे बघितलं. "एका घरात म्हणजे कशा? बहिणीबहिणी राहतात तशा, का जावाजावा?"

आतून बायको येऊन उभी राहिली. माझं सगळं बसवलेलं त्या एका प्रश्नापाशी अडलं.

"एक वर आहे," मी म्हणालो. "एक खाली."

"खाली कोण?"

मी चपला काढायला वाकलो.

"आणि आधी? थोरली जायच्या आधी, तेव्हाही ती खालीच होती?"

"नाही. तेव्हा वर होती."

आईनं मान हलवली. मग अगदी हलक्या आवाजात म्हणाली, "म्हणजे मी थोरलीला पाठवलं, आणि तिनं जाऊन हिला खाली ढकललं."

"आई, वर्षाच्या शेवटी ते मांडणी बदलणार आहेत, मी त्यांच्याशी बोललोय, त्यांचं म्हणणं..."

"तू नको बोलूस," आई म्हणाली. "तू बोललास की मला खरं वाटतं."

बायकोनं तिला हाताला धरून आत नेलं.